भीम मागे फिरला ती फॅनफिक्शन

फॅनफिक्शन म्हणजे हॅरी पॉटरवेड्या पोरांचा उद्योग, असं समजणाऱ्यांनी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ (१९६७) उघडावं. महाभारतातल्या महाप्रस्थानात द्रौपदी कोसळते. अर्जुनावर तिचं प्रेम अधिक होतं, असं कारण युधिष्ठिर सांगतो आणि सगळे पुढे चालू लागतात. व्यास तिथे थांबत नाहीत, कर्वे थांबतात. त्यांचा भीम मागे फिरून तिच्यापाशी येतो, आणि आपल्यावर खरं प्रेम कोणी केलं हे तिला तेव्हा उमगतं. चांगली फॅनफिक्शन अशीच शिरते: नवे पराक्रम न जोडता, मूळ कथेनं घाईत सोडलेल्या जागेतून.

‘मूळ बिघडतं’ हा नेहमीचा आक्षेप. पण इथून पुढे माझी कल्पना, हे कर्व्यांनी लपवलेलं नाही; महाभारत जागच्या जागी आहे. ‘त्या विदुषी, हे हौशी’ हा आक्षेप जास्त टोकदार, आणि बरंचसं हौशी लेखन टुकार असतं हेही खरं. तरी विद्वत्ता हा काही परवाना नव्हे. चौक-कर्जत पट्ट्यातल्या कातकऱ्यांची परंपरा स्वतःचं मूळ रामाच्या वानरसेनेत सांगते (त्यांच्यासाठी तो खेळ नाही, कुळकथा आहे). लंका जिंकल्यावर त्या वानरांचं पुढे काय झालं, याचं उत्तर तिथे कुठल्याही ग्रंथाविना तयार आहे.