गाडीला पुढे कोण ढकलते?

संगणकावर आणि मोबाइलवर गाडी बांधण्याचे खेळ मिळतात. इंजिन, गिअर, टायर, वजन सारे आपणच ठरवायचे आणि गाडी पळवून पाहायची. शून्यापासून ताशी 100 किलोमीटर वेग गाठायला किती सेकंद लागले, हे खेळ लगेच सांगतो. मुलांना यात 'मसल कार' फार आवडते. 1964 मध्ये अमेरिकेत पॉन्टिॲक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत 6.4 लिटरचे दांडगे इंजिन बसवून 'जीटीओ' आणली, तेव्हापासून हा प्रकार गाजला. साहजिकच आकडा सुधारायचा म्हटले की मुले इंजिन आणखी मोठे करतात. चाके जागच्या जागी गरगरतात, धूर निघतो, आणि सेकंद काही कमी होत नाहीत.

असे का होते? 'घर्षण गतीला विरोध करते' हे आपण वर्गात इतक्या वेळा सांगतो, की गाडी घर्षणामुळेच पुढे जाते हे कुणाला सुचतच नाही. इंजिन तर गाडीच्या आत आहे. न्यूटनच्या नियमाप्रमाणे त्वरणाला बाहेरचे बल हवे. चाक रस्त्याला मागे रेटते आणि रस्ता चाकाला पुढे. हे पुढे रेटणारे बल म्हणजेच घर्षण. ते विरोध करते, पण दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला.

पेठकडच्या भातशेतीत चिखलणी पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. चिखलात ट्रॅक्टरचे चाक नुसतेच फिरू लागले, तर कोणी मोठ्या इंजिनाचा ट्रॅक्टर आणायला धावत नाही. लोखंडी पट्ट्यांची चाके लावतात.

आता थोडे गणित करू. समजा, गाडीचे वस्तुमान 1600 किलो आहे आणि इंजिन मागची चाके फिरवते. मसल कारचे जड इंजिन पुढे असते, म्हणून मागच्या चाकांवर 45 टक्केच भार, म्हणजे सुमारे 7056 न्यूटन. घर्षणांक 0.9 धरला तर रस्ता जास्तीत जास्त 6350 न्यूटन बल देईल. पण गाडी झेप घेते तेव्हा तिचे नाक वर उचलले जाते आणि काही भार मागे सरकतो. गुरुत्वमध्याची उंची पुढच्या-मागच्या आसांमधल्या अंतराच्या एक पंचमांश असेल, तर हा भार सुमारे 1550 न्यूटन भरतो. मग बल 7744 न्यूटन होते आणि त्वरण 4.84 मीटर प्रतिसेकंद वर्ग. (हेच इंजिन पुढची चाके फिरवत असते तर भार नको तिथून निघून गेला असता. किती फरक पडतो, हे विद्यार्थ्यांना काढू द्यावे.)

इंजिनाचे काम कुठे संपते? सावळघाटाच्या चढावर एस.टी.चा चालक गिअर खाली घेतो. इंजिनाची शक्ती तेवढीच, पण वेग कमी आणि चाकावरचा जोर जास्त, कारण शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. आपल्या गाडीचे इंजिन 200 किलोवॅटचे असेल, तर 7744 न्यूटन बल ते सेकंदाला 25.8 मीटर, म्हणजे ताशी 93 किलोमीटर वेगापर्यंत पुरवू शकते. तोवर मर्यादा रस्त्याची असते, इंजिनाची नव्हे. हवेचा विरोध आणि गिअर बदलण्यातला वेळ सोडून दिला, गिअर नेहमी अचूक जुळलेला आहे असे मानले, तर ताशी 100 गाठायला 5.75 सेकंद लागतात. इंजिन दीडपट, 300 किलोवॅटचे केले तर? 5.74 सेकंद! उलट जुनेच इंजिन ठेवून 1.1 घर्षणांकाचे टायर लावले, तर वेळ 4.7 सेकंदांवर येतो.

म्हणून खेळात आधी टायर पाहावेत, मग वजन मागे न्यावे. पहिला गिअरही तपासावा. 400 न्यूटन-मीटर पीळ देणाऱ्या इंजिनाचा तो पीळ गिअरांमधून दहापट होत असेल, तर 33 सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकावर 12,000 न्यूटन जोर येतो. रस्ता पेलतो 7744. चाक गरगरणारच. आणि घसरू लागलेल्या चाकाला रस्त्याची पकड आणखी कमी मिळते. मोठे इंजिन बसवल्यावर सेकंद कधी कधी वाढतात, ते यामुळे.

खेळात रस्ता बहुधा कोरडा असतो. पेठकडे जाताना कोटंबी घाटात पावसात तो तसा नसतो. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबवतो तोही रस्ताच. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी सपाटीवर 0.9 घर्षणांकाला सुमारे 16 मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यासाठी 0.5 धरला तर 28 मीटर लागतात. त्यात चालकाने ब्रेकवर पाय नेईपर्यंतचे अंतर धरलेले नाही. उताराचा कोन घालून हेच गणित पुन्हा करायला मुलांना सांगून पाहा. सूत्रात वस्तुमान शिल्लक राहते का, हेही त्यांना विचारावे.