अठरा फेऱ्यांचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मोताळा तालुक्यातलं धामणगाव बढे हे आमचं गाव. उन्हाळा लागला की इथे एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘मोटार जळाली.’ शेतकरी विहिरीवरची मोटार गाडीवर टाकून वायंडिंगच्या दुकानात आणतो. तिथे जळालेली तार काढतात, नव्या तारेचे फेरे मोजून भरतात आणि मोटार पुन्हा पाणी उपसू लागते. माझ्या अँटेनाची पहिली कॉइल मी याच दुकानातल्या बाकड्यावर बसून गुंडाळली. आज तिच्याबद्दलच थोडं सांगणार आहे.

मी हौशी रेडिओवाला, म्हणजे ज्याला ‘हॅम’ म्हणतात तो. सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, ‘व्हीयू’पासून सुरू होणारं आपलं सांकेतिक नाव मिळवायचं आणि ठरवून दिलेल्या लहरींवर इतर हौशी मंडळींशी बोलायचं, असा हा छंद. आमच्या आवडीचा एक पट्टा ७ ते ७.२ मेगाहर्ट्‌झचा, ‘चाळीस मीटर’ नावाचा. दिवसा यावर नागपूर, पुणे, मुंबईपर्यंत सहज बोलता येतं. लहरी वर आकाशातल्या आयनांच्या थरापर्यंत जातात आणि तिथून खाली परततात. त्यामुळे मध्ये अजिंठ्याचे डोंगर असले तरी अडत नाही.

अडतं ते जागेशी. ३०० या आकड्याला ७.१ ने भागा, उत्तर येतं सुमारे ४२. ही लहरीची मीटरमधली लांबी. अँटेनाला तिच्या निम्मी, म्हणजे २१ मीटर तार लागते. प्रत्यक्षात ती ५ टक्के कमी, २० मीटर पुरते. आता गावठाणात भिंतीला भिंत लागून घरं. धाबं असतं दहा-अकरा मीटरचं. वीस मीटर तार ताणायची कुठे? ज्याच्या घरामागे मोकळं वावर आहे, त्यानं खुशाल पूर्ण तार ताणावी, कॉइलच्या भानगडीत पडू नये. बाकीच्यांसाठी कॉइल आहे.

कॉइल करते काय? तंबोऱ्याच्या तारा आठवा. चारही तारांची लांबी जवळपास सारखीच, पण खर्जाची तार जाड, जड; म्हणून तिचा स्वर खालचा. आखूड अँटेनाचा ‘स्वर’ असाच चढलेला असतो. तिच्यात मध्येच तारेचे फेरे घातले की विजेच्या प्रवाहाला एक प्रकारचा जडपणा येतो आणि स्वर खाली, हव्या त्या जागी उतरतो. या जडपणाला शास्त्रात ‘इंडक्टन्स’ म्हणतात आणि तो मायक्रोहेन्रीत मोजतात. दहा मीटरच्या अँटेनाला मधोमध केबल जोडली की दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटरच्या भुजा होतात. प्रत्येक भुजेच्या मध्यावर एक कॉइल घालायची. तिला साधारण २० ते २५ मायक्रोहेन्री लागतात.

फेरे किती, याचं सोपं सूत्र हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९२८ साली दिलं. सेंटिमीटरमध्ये मांडलं तर ते असं: व्यासाचा वर्ग गुणिले फेऱ्यांचा वर्ग, आणि त्याला भागायचं ४६ पट व्यास अधिक १०२ पट कॉइलची लांबी, या बेरजेनं. उत्तर मायक्रोहेन्रीत येतं. शेतात वापरतात तो ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या. तारेची जाडी धरून व्यास साडेसहा सेंटिमीटर. तार पाणबुडी मोटारीची, प्लॅस्टिकचं आवरण असलेली. ती पाण्यातच राहायला बनवलेली असल्यामुळे पावसाला भीत नाही. आवरणासह दीड मिलिमीटर जाडीच्या अशा तारेचे १८ फेरे चिकटून घातले की लांबी २.७ सेंटिमीटर होते आणि उत्तर येतं सुमारे २४ मायक्रोहेन्री.

गुंडाळायची रीतही साधी आहे. पाइपला दोन्ही टोकांशी दोन-दोन भोकं पाडायची आणि तार त्यांतून ओवून पक्की करायची. अँटेनाचा ताण पाइपनं सोसला पाहिजे, कॉइलच्या तारेनं नाही. आत लोखंडी खिळा, स्क्रू काही ठेवायचं नाही. वरून चिकटपट्टीचे थर देण्याचा मोह टाळायचा. त्यांच्याखाली पाणी साचतं आणि मोजमाप बदलतं. पाइपची तोंडं बंद केली तर खालच्या बाजूला पाणी गळायला एक बारीक भोक ठेवायचं.

माझ्या दोन्ही कॉइली तासाभरात तयार झाल्या. मल्टीमीटर लावला. दोन्हींचा रोध जवळजवळ शून्य, म्हणजे तार कुठे तुटलेली नाही. मी खूश. वायंडिंगवाल्या भाऊंनी मात्र मान हलवली. म्हणाले, ‘सर, मीटर तार सांगते, फेरे नाही सांगत.’

त्यांचं म्हणणं खरं होतं. अठरा फेऱ्यांची तार जेमतेम पावणेचार मीटर भरते. एक मिलिमीटर जाडीच्या तांब्यात तिचा रोध ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी. एखादा फेरा कमी पडला किंवा दोन फेरे एकमेकांना टेकले, तर साध्या मल्टीमीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. कॉइलला विचारायचं तर तिच्याच भाषेत, म्हणजे रेडिओच्या लहरींनी विचारावं लागतं.

त्यासाठी कॉइलच्या दोन टोकांना १०० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर जोडायचा. या जोडीचा स्वतःचा एक स्वर ठरतो. मग डिप मीटर तिच्यापासून दोन-चार बोटं अंतरावर धरायचा आणि तबकडी हळूहळू फिरवायची. स्वर जुळला की कॉइल मीटरमधली ऊर्जा ओढते आणि काटा झुकतो. फार जवळ धरलं तर आकडा सरकतो, म्हणून काटा जेमतेम हलेल इतकंच जवळ जायचं. आता नॅनोव्हीएनए नावाचं खिशात मावणारं यंत्र मिळतं, त्यावरही हेच पाहता येतं.

२४ मायक्रोहेन्रीचा स्वर ३.२५ मेगाहर्ट्‌झला यायला हवा. पहिल्या कॉइलचा बरोबर तिथेच आला. दुसरीचा आला ३.४ ला. कपॅसिटर तोच, मीटर तोच, पाइप तोच. छापलेल्या आकड्यापेक्षा कपॅसिटर पाच-दहा टक्के इकडेतिकडे असू शकतो, पण दोन्ही कॉइलींना तोच वापरला असल्यानं हा फरक त्याचा नव्हता. पुन्हा फेरे मोजले, तर सतरा! चहा आला तेव्हा गप्पांच्या नादात मी एक फेरा गिळला होता. एका फेऱ्यानं २४ चे २२ मायक्रोहेन्री झाले होते. तशीच टांगली असती तर अँटेनाच्या दोन भुजा दोन स्वरांत गायल्या असत्या आणि मी दोष देत बसलो असतो हवेला.

टांगल्यावर आणखी एक परीक्षा असते. भिंती, पत्रे, जमीन या साऱ्यांमुळे स्वर थोडा उतरतो. म्हणून तारेची टोकं मुद्दाम लांब ठेवायची, कमी शक्तीवर एसडब्ल्यूआर मीटर लावून किती शक्ती परत येते ते पाहायचं आणि दोन्ही टोकं सारखी कापत जायचं. माझी अँटेना आधी ६.९ ला बोलत होती. दोन्हीकडून चार बोटं, मग पुन्हा चार बोटं कापली, तेव्हा ती ७.१ वर आली. कापलेली तार परत जोडणं कटकटीचं, म्हणून घाई नको.

ही आखूड अँटेना फुकट मिळत नाही. इतक्या वेगाच्या लहरींचा प्रवाह तारेच्या फक्त पृष्ठभागावरून, मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढ्या थरातून वाहतो. त्यामुळे रोध दहापटीहून अधिक वाढतो आणि थोडी शक्ती उष्णतेत जाते. शिवाय पूर्ण लांबीची अँटेना जेवढा पट्टा सांभाळते, तेवढा ही सांभाळत नाही. जागा वाचते, त्याची ही किंमत.

काही पथ्यं मात्र कडक आहेत. विजेच्या तारांच्या वर, खाली किंवा त्या पडल्या तर पोहोचतील इतक्या अंतरावर अँटेना बांधू नये. वळवाचं आभाळ भरून यायच्या आधीच तिची केबल काढून घराबाहेर ठेवावी. प्रक्षेपण चालू असताना तारेच्या टोकांना आणि कॉइलला हात लावू नये. आणि परवाना नसताना प्रक्षेपण करू नये, तो गुन्हा आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, २००१ साली भूज हादरलं. दोन्ही वेळी हौशी रेडिओवाले मदतीला धावले. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी छंदाच्या कामासाठीच पोर्ट ब्लेअरला गेलेले होते. टेलिफोन बंद पडले आणि त्यांच्या रेडिओवरून अंदमानची खबर मुख्य भूमीवर पोहोचू लागली. अशा वेळी कॉइल तपासत बसायला कुणाला सवड नसते. ती आधीच तपासलेली असावी लागते.

म्हणून सांगतो, दोन हात पाइप आणि चार मीटर तार कुठल्याही गावात मिळते. पण फेरे गुंडाळून झाले म्हणजे कॉइल झाली असं समजू नका. काटा जागेवर झुकला, की मग ती झाली. आमच्या दुकानातले भाऊ आता मला चहा देण्याआधी विचारतात, ‘सर, मोजून झाले का?’