टॅबलेट लॅपटॉपची जागा घेईल का? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उत्तर प्रदेशात सरकारी खर्चाने विद्यार्थ्यांच्या हाती संगणकीय साधन देण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. २०१३ च्या मार्चपासून बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटण्यात आले. २५ डिसेंबर २०२१ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना टॅबलेट आणि स्मार्टफोन देण्यास सुरुवात झाली. काशी हिंदू विश्वविद्यालय, महात्मा गांधी काशी विद्यापीठ आणि संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय ज्या वाराणसीत नांदतात, तेथे या बदलाचा अर्थ नीट तपासला गेला पाहिजे. कारण अनेक घरांत असे साधन हेच पहिले आणि एकमेव असते. टॅबलेटवर डेस्कटॉपची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राची स्मृती, फायली आणि प्रोग्रॅम यांचा कारभार पाहणारी मूळ प्रणाली, चालावी की नाही, हा वाद या प्रश्नाच्या मुळाशी आहे आणि त्याभोवती काही गैरसमज घट्ट रुजले आहेत.

गैरसमज १ : टॅबलेटचा प्रोसेसर दुबळा असतो, म्हणून त्यावर डेस्कटॉप प्रणाली चालत नाही.

वस्तुस्थिती : स्वस्त टॅबलेटांच्या बाबतीत यात तथ्य असले, तरी तो सर्वसाधारण नियम नाही. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये मॅकबुक एअर या लॅपटॉपमध्ये एम१ ही चिप बसवली आणि २०२१ मध्ये तीच चिप आयपॅड प्रोमध्ये आणली. तरीही लॅपटॉपवर मॅकओएस आणि टॅबलेटवर आयपॅडओएस, ही विभागणी कायम राहिली. या दोन्ही प्रणालींचा गाभा, म्हणजे यंत्रसामग्रीशी थेट बोलणारा कर्नेल, एकाच मुळातून आलेला आहे, तर अँड्रॉइडचा कर्नेल लिनक्सचा आहे. भेद आहे तो परवानगीचा. टॅबलेटच्या प्रणालीत प्रत्येक ॲप आपापल्या कप्प्यात कोंडलेले असते, दुसऱ्या ॲपच्या फायलींना त्याला सहसा हात लावता येत नाही, आणि ते पडद्यावरून मागे गेले की वीज वाचवण्यासाठी प्रणाली त्याचे काम लवकरच थांबवते. या शिस्तीमुळे बॅटरी टिकते आणि घातक प्रोग्रॅमना आळा बसतो, हे तिचे खरे गुण आहेत; मात्र तिच्यामुळेच ॲपलचे एक्सकोड हे प्रोग्रॅमलेखनाचे संपूर्ण साधन मॅकवर चालते आणि तीच चिप असलेल्या आयपॅडवर मिळत नाही.

गैरसमज २ : डेस्कटॉप प्रणाली बसवली की टॅबलेटचा लॅपटॉप होतो.

वस्तुस्थिती : हा प्रयोग जुना आहे आणि त्याचे धडेही स्पष्ट आहेत. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विंडोज एक्सपीची टॅबलेटसाठी खास आवृत्ती काढली. परंतु माऊसच्या टोकदार बाणासाठी आखलेल्या बारीक खुणा आणि अरुंद मेनू हाताने टिपणे जिकिरीचे होते. अँड्रॉइडच्या आराखड्यात बोटाने दाबायच्या खुणेसाठी सुमारे ९ मिलिमीटर लांबीरुंदीची शिफारस आहे, तर डेस्कटॉपवरील अनेक खुणा याहून कितीतरी लहान असतात. २०१२ च्या सरफेस टॅबलेटवरील विंडोज आरटीची अडचण वेगळी होती : ती दिसायला विंडोज असली, तरी तिच्यावर नेहमीचे डेस्कटॉप प्रोग्रॅम बाहेरून आणून बसवता येत नव्हते. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टला या टॅबलेटांपोटी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. पहिल्या प्रयोगात प्रणाली होती पण बोटाची सोय नव्हती. दुसऱ्यात बोटाची सोय होती पण प्रोग्रॅमची मोकळीक नव्हती.

भारतातील ‘आकाश’ या स्वस्त टॅबलेटचा अनुभवही विचारात घेण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या आकाशात अवघी २५६ एमबी स्मृती होती, त्यामुळे कोणतीही प्रणाली त्याला फार पुढे नेऊ शकली नसती. त्यानंतरच्या आकाश २ वर आयआयटी मुंबईच्या चमूने अँड्रॉइडसोबत लिनक्स चालवण्याचे आणि टॅबलेटवरच सी, पायथॉन यांसारख्या भाषांत प्रोग्रॅम लिहून तपासण्याचे काम हाती घेतले. स्वस्त टॅबलेट हे केवळ धडे पाहण्याचे साधन न राहता प्रोग्रॅम घडवण्याचे साधन व्हावे, ही दृष्टी त्यामागे होती आणि ती आजही तितकीच मोलाची आहे.

गैरसमज ३ : टॅबलेटवर गंभीर स्वरूपाचे काम होतच नाही.

वस्तुस्थिती : काम कोठे चालते यावर हे अवलंबून असते. वाराणसीच्या आयआयटी-बीएचयूमध्ये १९ फेब्रुवारी २०१९ रोजी ‘परम शिवाय’ या महासंगणकाचे उद्घाटन झाले. पुण्याच्या सीडॅक या संस्थेने उभारलेला आणि राष्ट्रीय महासंगणन अभियानातील पहिला असा हा लिनक्सवर चालणारा महासंगणक आहे. अशा यंत्राचा वापरकर्ता दूर बसून सुरक्षित जोडणीने आत शिरतो, कोणती आकडेमोड किती प्रोसेसरांवर करायची याची छोटी आज्ञाफाईल लिहितो आणि ती रांगेत लावतो. पाळी आली की काम महासंगणकावर सुरू होते. ही आज्ञा टॅबलेटवरूनही देता येते. टॅबलेटने मागे गेलेले ॲप थांबवले आणि जोडणी तुटली, तरी रांगेतले काम चालूच राहते, कारण ते टॅबलेटवर नसतेच. अडचण येते ती त्याच्या आधी आणि नंतर : प्रोग्रॅम लिहिताना एका बाजूला संदर्भ, दुसऱ्या बाजूला त्रुटींची यादी आणि मध्ये मजकूर उघडा ठेवावा लागतो, शिवाय आलेल्या शेकडो फायली लावून घ्याव्या लागतात. तेथे कळफलक, मोठा पडदा आणि मोकळी फाईलव्यवस्था लागते. हाच भेद जुन्या ग्रंथांच्या अभ्यासातही दिसतो. पोथीच्या छायाप्रती वाचणे आणि त्यावर लेखणीने खुणा करणे यांसाठी टॅबलेट लॅपटॉपपेक्षा सरस ठरतो. त्याच पोथीची पाठभेदांसह चिकित्सक प्रत तयार करायची झाली, तर पारडे फिरते.

गैरसमज ४ : विद्यार्थ्याला टॅबलेट मिळाला की लॅपटॉपची गरज उरत नाही.

वस्तुस्थिती : व्याख्याने पाहणे, पुस्तके वाचणे, अर्ज भरणे आणि उजळणी करणे यांसाठी टॅबलेट पुरेसा आहे, आणि तेवढ्याच पैशांत तो अधिक जणांना देता येतो, ही गोष्ट कमी महत्त्वाची नाही. परंतु शोधनिबंध, हिशेबपत्रके, आराखडे आणि प्रोग्रॅम घडवताना केवळ स्पर्शाच्या कळफलकावर भागत नाही. देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक उपलब्ध आहे आणि बाहेरून जोडलेल्या कळफलकावर तो टॅबलेटलाही वापरता येतो. म्हणून टॅबलेटसोबत कळफलक न देणे ही वरकरणी बचत वाटली, तरी तिची किंमत विद्यार्थ्याच्या लेखनाला मोजावी लागते.

गेल्या काही वर्षांत दोन्ही काठ जवळ येत आहेत. सॅमसंगने २०१७ मध्ये डेक्स ही खिडक्यांची व्यवस्था आणली, आणि २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये लहानमोठ्या करता येणाऱ्या खिडक्या व मेनूपट्टी आली. ही दिशा योग्य आहे, कारण बोट लावले की टॅबलेट आणि कळफलक जोडला की डेस्कटॉप, असे दुहेरी रूपच दोन्ही गरजा भागवू शकते. मात्र खिडक्या म्हणजे मोकळीक नव्हे. आपल्या पसंतीचा प्रोग्रॅम बसवण्याची, स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालवण्याची आणि आपल्या फायली आपल्या मर्जीने हाताळण्याची मुभा हा डेस्कटॉपचा खरा वारसा आहे, आणि टॅबलेटकडे न्यायचा तो हा वारसा होय. ज्याच्यापाशी दुसरे यंत्र आहे, त्याला ही उणीव इतरत्र भरून काढता येते. ज्याचे एकमेव साधन टॅबलेट आहे, त्याच्या शिकण्याची हद्द ती मुभाच ठरवते. म्हणूनच सार्वजनिक पैशातून साधने घेताना पडद्याचा आकार आणि स्मृतीचा आकडा यांच्या जोडीने ही मुभाही निविदेतील अट असली पाहिजे.