साचा एक, जॉब नवा

प्राध्यापकाचे काम दिवसाकाठी दोन-तीन तासांचे, असा एक गोड समज लोकांत आहे. त्या तासांसाठी आदल्या रात्री तो किती जागतो, हे त्याच्या घरच्यांना विचारावे! पहिली काही वर्षे मीही असाच जागत असे. पन्नास मिनिटांच्या एका तासासाठी दोन तास तयारी. मग मी शहाणा झालो. एकदाच उत्तम टिपणे काढली, वहीला पुठ्ठा घातला आणि ती बारा वर्षे चालवली.

ते शहाणपण उघडे पाडले एका विद्यार्थ्याने. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला; पुढे कारखान्यांची ही रांग थेट चाकणपर्यंत पोचली. आमची पुष्कळशी मुले तिथे पाळी करूनच वर्गात येतात. हाही रात्रपाळी संपवून आला होता. मी सांगत होतो आणि तो लिहीत नव्हता. कारण विचारताच त्याने संकोचून एक जुनी वही पुढे केली. "सर, ही थोरल्या भावाची. यात सगळं आहे." खरोखरच होते. समासात 'येथे सर हसतात' अशी नोंदसुद्धा होती!

संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो भेटला. मी विचारले, "तुम्हीही रोज तीच भोके पाडता ना रे? मग तुमचे कसे चालते?"

"सर, दर वेळी मापं घेत बसलो तर पाळीचं काम पुरं होणार नाही. म्हणून जिग असतो. तो जॉब घट्ट धरतो आणि ड्रिलला वाट दाखवतो. पण जॉब मात्र दर वेळी नवा घालायचा."

माझी चूक लख्ख दिसली. मी साचा जपला नव्हता. तोच जॉब पुन्हा पुन्हा घालीत होतो!

तसे पाहता ही युक्ती आपल्याला नवी नाही. नारदीय कीर्तनकार नमन, पूर्वरंग, मध्ये नामगजर, मग उत्तररंगातले आख्यान ही चौकट मोडत नाही. अभंग आणि आख्यान मात्र गाव नि प्रसंग पाहून निवडतो. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट (१७७६–१८४१) याच्या अनुयायांनी बांधलेली पंचपदी आपल्या अध्यापक विद्यालयांत पिढ्यान् पिढ्या घोकली गेली, तीही अशीच चौकट.

आता माझ्या टाचणवहीत प्रत्येक तासाला एकच पान असते. त्यावर पाच खाने: मागचा धागा, आजचा एकच प्रश्न, वाचायचा उतारा, मुलांनी करायचे काम आणि शेवटी उद्यासाठी एक ओळ. प्रत्येकापुढे मिनिटे लिहिलेली. खाने ठरलेले असल्यामुळे सुरुवात कशी करावी आणि शेवट कुठे, यात वेळ जात नाही. दोन तासांची तयारी पाऊण तासात होते. पानाचा उजवा भाग कोरा ठेवतो. तास झाल्यावर तिथे मुले कुठे अडली ते लिहितो. पुढच्या वर्षीचा उतारा आणि प्रश्न त्यावरूनच ठरतात.

वाचलेला वेळ कुठे जातो म्हणाल, तर मुलांच्या वह्या वाचण्यात. रात्रभर यंत्रापुढे उभा राहून सकाळी बाकावर बसणाऱ्या मुलाचे तेवढे देणे मी लागतो.

त्याच मुलाने जाता जाता आणखी एक सांगितले होते, "सर, जिगमधला बुशही झिजतो हं. तो झिजला की भोक सरकतं. अधूनमधून तपासावा लागतो."

म्हणून दर दिवाळीच्या सुटीत मी टाचणवही काढून बसतो आणि बुश तपासतो.