स्वयंचलित तिकीट-खरेदीस प्रतिबंध : अमेरिकेतील २०१६ चा अधिनियम

प्रस्तावना
तिकिटांचा काळाबाजार जुनाच आहे. तथापि ऑनलाइन विक्रीमुळे त्याचे स्वरूप बदलले. ‘बॉट’ ही संगणक-प्रणाली ग्राहकाची बतावणी करून क्षणार्धात शेकडो तिकिटे खरेदी करते. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरल कार्यालयाच्या जानेवारी २०१६ मधील अहवालानुसार, प्रत्येकी ४ तिकिटांची मर्यादा असतानाही एका दलालाने ‘यू-टू’ या संगीतसमूहाच्या कार्यक्रमाची १,०१२ तिकिटे एका मिनिटात मिळविली होती.

तरतुदी
१४ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या स्वाक्षरीने ‘बेटर ऑनलाइन तिकीट सेल्स’ अधिनियम संमत झाला. २०० हून अधिक प्रेक्षकक्षमतेच्या ठिकाणी होणाऱ्या सार्वजनिक कार्यक्रमांना तो लागू आहे. खरेदीमर्यादा राखणारी संकेतस्थळावरील सुरक्षाव्यवस्था चुकविणे, तसेच अशा रीतीने मिळविलेली तिकिटे जाणीवपूर्वक विकणे त्यान्वये बेकायदेशीर ठरते. पुनर्विक्रीवर वा तिच्या दरावर मात्र हा अधिनियम बंधन घालीत नाही.

अंमलबजावणी
अंमलबजावणीचे अधिकार फेडरल ट्रेड कमिशन व राज्यांचे ॲटर्नी जनरल यांना आहेत. आयोगाची पहिली कारवाई जानेवारी २०२१ मध्ये, म्हणजे चार वर्षांनंतर झाली. न्यूयॉर्कमधील तीन दलाल-संस्थांवर ३ कोटी १० लाख डॉलरहून अधिक दंड आकारण्यात आला. परंतु आर्थिक असमर्थतेमुळे प्रत्यक्ष वसुली ३७ लाख डॉलरपुरती मर्यादित ठेवण्यात आली.

निष्कर्ष
सदर अधिनियम साधनावर बंदी घालतो. नफ्याचे मूळ कारण, म्हणजे मूळ किंमत व बाजारभाव यांतील तफावत, तसेच राहते. त्यामुळे तत्पर अंमलबजावणीवाचून सामान्य प्रेक्षकास त्याचे संरक्षण अपुरेच लाभते.