आमिषाचें पथक

युद्धांत संकट अकस्मात् येतें, असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु पुष्कळदां तें पूर्वसूचना देऊन येतें. ती सूचना वाचली जाते, तिच्यावर शेरा लिहिला जातो आणि कागद पुढच्या मेजावर सरकतो. 22 सप्टेंबर 1914 रोजीं उत्तर समुद्रांत ब्रिटिश आरमाराच्या तीन क्रूझर जहाजांचा जो नाश झाला, तो या प्रकारचा होता.

पहिलें महायुद्ध सुरू झालें तेव्हां ब्रिटनच्या सातव्या क्रूझर पथकांत बॅकँटी, युरायलस, अबुकीर, होग आणि क्रेसी हीं जहाजें होतीं. सुमारें 12,000 टनांचीं आणि चार धुराड्यांचीं हीं चिलखती जहाजें 1899 ते 1901 या काळांत पाण्यांत उतरलीं. दिसावयास तीं भव्य होतीं. परंतु त्या काळीं आरमारी विद्या इतक्या झपाट्यानें पुढें जात होती कीं, दहा-पंधरा वर्षांतच त्यांना वार्धक्य आलें. यंत्रें झिजलीं होतीं व मूळचा वेग राहिला नव्हता. त्यांवरील खलाशी बहुतेक राखीव दलांतून बोलावलेले, मागें बायकामुलें ठेवून आलेले संसारी गृहस्थ होते. त्यांच्या जोडीला डार्टमथच्या आरमारी विद्यालयांतून थेट युद्धावर धाडलेले, मिसरूडहि न फुटलेले विद्यार्थी होते.

या पथकाकडे हॉलंडच्या किनाऱ्यासमोरील समुद्रावर गस्त घालण्याचें काम होतें. फ्रान्सकडे फौज व सामुग्री नेणाऱ्या मार्गावर जर्मन जहाजांनीं अचानक घाला घालूं नये, हा त्यांतील हेतु. पाणी तेथें अवघें चौदा वांव खोल असल्यामुळें त्या भागाला ब्रॉड फोर्टीन्स असें नांव पडलें आहे.

अशा मंद जहाजांना तेथें एकसारखें फिरवणें धोक्याचें आहे, हें जाणत्यांना दिसत होतें. पाणबुड्यांच्या दलाचा प्रमुख कमोडोर कीझ यानें ऑगस्टमध्येंच तसें लेखी कळविलें. आरमारांतील लोक तर या तुकडीला उघडपणें ‘जिवंत आमिषाचें पथक’ म्हणूं लागले. तें नांव आरमारमंत्री चर्चिल यांच्या कानीं गेलें, आणि 18 सप्टेंबर रोजीं त्यांनीं हीं जहाजें त्या गस्तीवर राहूं नयेत असें टिपण लिहिलें. बॅटेनबर्ग या प्रमुख आरमारी सल्लागाराची त्याला संमति होती. परंतु नवीं हलकीं क्रूझर जहाजें तयार होईपर्यंत गस्त अगदीं उठविण्यापेक्षां जुनी चालूं ठेवावी, असा युद्धकार्यालयाच्या प्रमुखाचा आग्रह पडला. गस्त चालूं राहिली.

त्यांतच तुफान झालें. संरक्षणासाठीं असलेल्या विनाशिका बंदरांत परतल्या. 20 तारखेस रिअर अॅडमिरल ख्रिश्चन युरायलस जहाज घेऊन कोळशासाठीं व बिनतारी यंत्राच्या दुरुस्तीसाठीं गेला. खवळलेल्या समुद्रामुळें त्याला दुसऱ्या जहाजावर जातां आलें नाहीं; म्हणून अधिकार अबुकीरचा कप्तान ड्रमंड याच्याकडे आला. आतां तीनच जहाजें उरलीं होतीं. तीं ताशीं सुमारें दहा सागरी मैल वेगानें सरळ रेषेंत चाललीं होतीं. वळणें घेत जाण्याची आज्ञा होती, परंतु ती पाळण्याचा परिपाठ राहिला नव्हता. अशा लाटांत पाणबुडी कसली येते, असा समज होता.

22 तारखेस पहांटे वारा पडला. सुमारें 500 टनांची, 26 माणसांची जर्मन पाणबुडी यू-9 रात्र तळाशीं काढून वर आली, आणि तिचा कप्तान वेडिगेन याला क्षितिजावर तीन जहाजें दिसलीं. साडेसहाच्या सुमारास अबुकीरला टॉर्पेडो लागला. ड्रमंडला वाटलें, सुरुंगाचा धक्का बसला. त्यानें इतर दोघांना मदतीस जवळ बोलाविलें. होगनें थांबून होड्या सोडल्या, तरंगेल तें सामान पाण्यांत टाकलें. इतक्यांत दोन टॉर्पेडो तिच्यावर आदळले. शेवटीं क्रेसी उरली. शत्रु कोण आहे हें आतां स्पष्ट झालें होतें. तरी तिच्या होड्या बुडत्या माणसांना वेंचीत होत्या, आणि त्यांना टाकून जाणें तिच्या कप्तानाच्यानें झालें नाहीं. आठ वाजण्यापूर्वीं तीहि बुडाली. दीड तासांत, सहा टॉर्पेडोंत, सारें संपलें. 1,459 माणसें मेलीं. 837 वांचलीं, तीं मुख्यतः हॉलंडच्या फ्लोरा व टायटन या आगबोटींमुळें आणि मासेमारी करणाऱ्या इंग्रज जहाजांमुळें. वांचलेल्यांत पंधरा वर्षांचा एक विद्यार्थी होता. अबुकीर बुडतांच तो पोहत होगवर गेला, होगहून क्रेसीवर, आणि तिसऱ्यांदां पाण्यांत पडल्यावर एका फळकुटाच्या आधारानें तगला.

त्याच दिवशीं रात्रीं हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर एमडन या जर्मन क्रूझरनें मद्रासच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या. एका दिवसांत ब्रिटिश आरमाराच्या दबदब्याला दोन समुद्रांवर धक्का बसला.

पुढें चौकशी झाली. वळणें घेत न गेल्याबद्दल ड्रमंडला दोष लागला, ख्रिश्चनवर ठपका आला, आणि मूळ योजनेबद्दल आरमारखात्यालाहि बोल ऐकावा लागला. गस्त उठविण्यांत आली. पाणबुडीचा संशय असतां मोठ्या जहाजानें बुडत्या जहाजाच्या मदतीसाठीं थांबूं नये, असा नियम झाला. नियम योग्य होता. परंतु समुद्रावरचा बुडत्याला हात देण्याचा जुना धर्म त्यामुळें मागें सारावा लागला. उरलेलीं युरायलस व बॅकँटी 1915 मध्यें गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर लढलीं. वेडिगेनची पुढची पाणबुडी यू-29 त्याच वर्षीं मार्चमध्यें ड्रेडनॉट या युद्धनौकेनें धडक देऊन बुडविली. तींतील एकहि मनुष्य वांचला नाहीं.

या प्रकरणांत मूर्ख असा कोणीच नव्हता. गस्त हवी होती. नवीं जहाजें अजून यावयाचीं होतीं. वादळ कोणाच्या हातचें नव्हतें. प्रत्येक कारण वेगळें पाहिलें तर समंजस वाटतें. ज्यांनीं धोका ओळखून लिहिला त्यांची अक्षरें वाळलीं होतीं, आणि ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता त्यांनीं तर आपल्या पथकाला नांवहि देऊन टाकलें होतें. उणीव होती ती एका आज्ञेची, आणि ती चार दिवसांत निघाली नाहीं.