हुद्दा वाढला, हकीकत मागे पडली

तवांगच्या सहलीला निघालेल्या मराठी पर्यटकांच्या गाड्या सेला खिंड ओलांडल्यावर जसवंतगढला हमखास थांबतात. लष्कराचे जवान गरम चहा देतात आणि रायफलमन जसवंतसिंह रावत यांच्या स्मारकापुढे लोक चपला काढून उभे राहतात. आत त्यांच्यासाठी रोज अंथरूण घातलं जातं, बुटांना पॉलिश होतं, पहाटे चहा ठेवला जातो. परत आलेल्या प्रत्येकाकडे त्यांची गोष्ट असते, आणि त्या गोष्टीतला बराचसा भाग घडलेलाच नाही. घडलेलं जे आहे ते मात्र इतकं मोठं आहे की त्यात भर घालायची गरज कुणाला का वाटावी, हे मला कळत नाही.

गैरसमज : जसवंतसिंहांनी एकट्याने ७२ तास चिनी फौज रोखली आणि ३०० शत्रू मारले.

गोष्ट अशी सांगतात : पलटण मागे हटली, हा एकटा जवान थांबला. सेला आणि नुरा या दोन मोनपा मुलींच्या मदतीने तो वेगवेगळ्या मोर्चांवरून गोळ्या झाडत राहिला. समोर एकच माणूस आहे, हे चिन्यांना तीन दिवस कळलंच नाही. २०१९ मध्ये यावर हिंदी चित्रपट आला, त्याच्या नावातच ‘७२ अवर्स’ होते.

आता हकीकत. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी नुरानांगला चौथी गढवाल रायफल्स पलटण लढत होती. चिन्यांचे हल्ले एकामागून एक येत होते आणि पलटण ते परतवत होती. मग चिन्यांनी एक मध्यम मशीनगन आपल्या मोर्चाच्या अगदी जवळ आणून बसवली. तिच्या माऱ्यापुढे डोकं वर काढणं अशक्य झालं. ती बंद पाडायला तिघे आपणहून पुढे झाले : लान्स नाईक त्रिलोकसिंह नेगी, रायफलमन जसवंतसिंह रावत आणि रायफलमन गोपालसिंह गुसाईं. त्रिलोकसिंहांनी स्टेनगनने मारा करून शत्रूला गुंतवून ठेवलं. जसवंतसिंह आणि गोपालसिंह सरपटत हातबॉम्बच्या टप्प्यात पोचले, बॉम्ब फेकले आणि मशीनगन हिसकावली. परतताना त्रिलोकसिंह आणि जसवंतसिंह पडले. जखमी गोपालसिंहांनी ती मशीनगन ओढत आपल्या खंदकात आणली.

हे सगळं सुमारे पंधरा मिनिटांचं काम. जसवंतसिंहांचं वय तेव्हा २१ वर्षांचं होतं. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं, त्रिलोकसिंहांना मरणोत्तर वीर चक्र, गोपालसिंहांना वीर चक्र. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल भट्टाचार्य यांनाही महावीर चक्र मिळालं आणि पलटणीच्या युद्धसन्मानांत नुरानांगचं नाव आलं. चिन्यांच्या ३०० हताहतांचा आकडा त्या दिवशी संपूर्ण पलटणीने दिलेल्या लढतीचा सांगितला जातो. गोष्टीत तो एका माणसाच्या खात्यावर गेला.

७२ तासांचा हिशेबही तारखांपुढे टिकत नाही. १७ तारखेच्या रात्री पलटणीला सेलाकडे माघारीचा हुकूम झाला आणि १८ तारखेला खुद्द सेलाच आपण सोडलं होतं. चिन्यांची दुसरी फौज डोंगरातल्या जुन्या पायवाटेने आधीच मागच्या रस्त्यावर उतरली होती. त्यानंतर नुरानांगला एखाद्याने रोखून धरावं, असं काही उरलंच नव्हतं. आणि सेला खिंडीला त्या मुलीचं नाव पडलं म्हणावं, तर ब्रिटिश अधिकारी बेली आणि मोर्शेड १९१३ मध्ये तवांगहून येताना हीच सेला ओलांडून गेले होते.

मला सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. एकट्या वीराची गोष्ट उभी राहते तेव्हा त्रिलोकसिंह त्यातून पुसले जातात. आपल्या अंगावर शत्रूचं लक्ष ओढून घेणं हे त्यांचं काम होतं, आणि ते करताना त्यांनी जीव दिला. गोपालसिंह तर जिवंत परतलेले साक्षीदार. मशीनगन त्यांनी आणली म्हणून तो हल्ला मोडला. जसवंतसिंहांना मान द्यायला या दोघांचं मोल कमी करावं लागत असेल, तर त्या मानाची रीत तपासून पाहायला हवी.

गैरसमज : जसवंतसिंहांना अजून पगार आणि बढत्या मिळतात, आता ते मेजर जनरल आहेत.

महावीर चक्राच्या यादीत त्यांच्या नावापुढे रायफलमन हाच हुद्दा आहे. जवान म्हणून भरती झालेल्याला मिळू शकणारा मानद हुद्दाही कॅप्टनपर्यंतच जातो. अंथरूण, चहा, पॉलिश केलेले बूट हे सगळं खरं आहे, आणि ते स्मारकाची देखभाल करणाऱ्या जवानांच्या मायेतून चालतं. त्या मायेला सरकारी कागदाचा आधार लागत नाही.

गैरसमज : सिक्कीमचे बाबा हरभजनसिंग चीनशी लढताना शहीद झाले.

२३ पंजाबचे शिपाई हरभजनसिंग ४ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. नथू ला आणि चो ला इथल्या चीनशी झालेल्या चकमकी त्याच्या वर्षभर आधीच्या. पुढच्या ठाण्यांवर रसद नेणाऱ्या खेचरांच्या तांड्याबरोबर ते निघाले होते आणि पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. ते २२ वर्षांचे होते. मला यात काहीही उणं दिसत नाही. त्या उंचीवर शिधा पोचवणं म्हणजेच सीमा राखणं, आणि सीमेवर दगावणाऱ्यांत दरडी, बर्फ आणि नाले यांचे बळी कायमच असतात. लढाईतलं मरणच तेवढं मोठं असं आपण धरून चाललो, की खेचरांबरोबर चालणाऱ्या प्रत्येक शिपायावर अन्याय होतो.

बाबा अजून सेवेत आहेत असं मानून दरवर्षी सप्टेंबरात त्यांची ट्रंक जीपने न्यू जलपाईगुडीला आणून रेल्वेने पंजाबातल्या गावी सुट्टीवर पाठवायची प्रथा खरोखर होती. ती बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी ‘आजही बर्थ राखून ठेवतात’ असं सांगितलं जातं. शिवाय गंगटोकहून दिवसाच्या सहलीला जाणारे बहुतेक जण बाबांचं नवं मंदिर पाहून परततात. त्यांचा मूळ बंकर आणखी वर आहे.

गैरसमज : असल्या प्रथा फक्त आपल्याकडे.

फ्रान्सचे कॅप्टन ला तूर दोव्हेर्न्य. ब्रिटनी प्रांतातले, जुन्या केल्टिक भाषांचे अभ्यासक. पन्नाशी उलटल्यावर, मित्राच्या मुलाची सक्तीची भरती टळावी म्हणून १७९७ मध्ये त्याच्या जागी ते स्वतः फौजेत परतले. बढत्या नाकारत राहिले. नेपोलियनने त्यांना ‘पहिला ग्रेनेडियर’ असा किताब दिला आणि काही आठवड्यांतच, २७ जून १८०० रोजी, बव्हेरियात ओबरहाउझेनला भाल्याच्या घावाने ते पडले. त्यानंतर त्यांच्या पलटणीत हजेरीला पहिलं नाव त्यांचं पुकारलं जाई आणि एक जुना शिपाई उत्तर देई : रणभूमीवर मृत्यू. त्यांचं हृदय पलटण आपल्याबरोबर बाळगत असे. १९०४ मध्ये ते पॅरिसच्या अँव्हालीदमध्ये ठेवलं गेलं. या प्रथेत मला विशेष वाटतं ते त्या उत्तराचं. नाव जिवंत माणसासारखं पुकारायचं आणि उत्तर मात्र खरं द्यायचं.

आपल्या शेजारी गोव्यातही पोर्तुगीज काळात हे होतं. पोर्तुगालमध्ये १६६८ साली संत अँथनींची लागूशच्या पलटणीत शिपाई म्हणून नोंद झाली, पुढे ते कॅप्टन झाले. जुन्या गोव्यातल्या सेंट अँथनी चॅपेलमधल्या मूर्तीलाही कॅप्टनचा हुद्दा होता आणि पगारही.

गैरसमज : जॉर्ज वॉशिंग्टन सहा तारे असलेले जनरल आहेत.

इथे बढती कागदोपत्री झाली आहे, तारे मात्र लोकांनी जोडले. १७९८ मध्ये फ्रान्सशी युद्धाची चिन्हं दिसू लागली, तेव्हा अध्यक्ष अ‍ॅडम्स यांनी निवृत्त वॉशिंग्टनना लेफ्टनंट जनरल नेमलं आणि १७९९ मध्ये ते त्याच हुद्द्यावर वारले. पुढे अमेरिकी सैन्यात चार आणि १९४४ पासून पाच ताऱ्यांचे जनरल झाले, म्हणजे कागदावर राष्ट्रपिता त्यांच्याहून कनिष्ठ ठरले. स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला काँग्रेसने ठराव करून त्यांना ‘जनरल ऑफ द आर्मीज’ केलं. ११ ऑक्टोबर १९७६ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर सही केली. लष्कराचा प्रत्यक्ष हुकूम १९७८ मध्ये निघाला आणि तो ४ जुलै १९७६ पासून लागू धरला गेला. ठरावाचा अर्थ इतकाच, की आधीचा किंवा नंतरचा कुठलाही अधिकारी त्यांच्याहून वरचा नाही. ताऱ्यांचा उल्लेख त्यात नाही. हाच हुद्दा हयातीत मिळालेल्या पर्शिंग यांनी तर चार सोनेरी तारे लावले होते.

डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसने जनरल ग्रँट यांनाही हा हुद्दा देण्याची अध्यक्षांना मुभा दिली. वॉशिंग्टनच्या बाबतीत मात्र एक गोष्ट मला पटते : त्यांचा हुद्दा वाढवताना कुणी त्यांच्या नावावर न झालेली लढाई चढवली नाही, आणि त्यांच्याबरोबर लढलेल्या कुणाचंही नाव खोडलं नाही.